बुडाकडून पाहिलेली शहरं

1835 साली अमेरिकेतल्या ओहायो आणि शेजारच्या मिशिगन यांनी एकमेकांवर सैन्य काढलं ते टोलेडो नावाच्या गावासाठी. नकाशावर ती नुसती चिंचोळी पट्टी. पण मॉमी नदी ईरी सरोवराला मिळते ते मुख त्या पट्टीत होतं, आणि कालव्यांच्या त्या जमान्यात मुख ज्याच्या ताब्यात, व्यापार त्याच्या हातात. या युद्धात सांडलेलं रक्त म्हणजे मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफच्या अंगात घुसलेला चाकू. चाकू मारणाऱ्या पोराचं नाव टू स्टिकनी. थोरल्या भावाचं नाव वन. बापाला बारशाचा कंटाळा असावा. शेवटी वॉशिंग्टनच्या सरकारनं टोलेडो ओहायोला दिलं आणि समजूत काढायला मिशिगनच्या पदरात सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेचं रान टाकलं. बर्फ, डास आणि पाइनची झाडं. मिशिगनकरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग 1844 मध्ये विल्यम बर्टची मोजणी तुकडी त्या रानातून चालली असताना होकायंत्राची सुई भरकटायला लागली. खाली लोखंड होतं.

आणि गंमत अशी की मिशिगनला भरपाईत मिळालेल्या त्या लोखंडाचा मोठा हिस्सा जहाजातून उतरायचा ओहायोच्याच किनाऱ्यावर, क्लीव्हलँडला आणि आजूबाजूच्या बंदरांत.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतलं सर्वांत चांगलं औद्योगिक शहर कोणतं, हा वाद तिकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. क्लीव्हलँड, डेट्रॉईट आणि मिलवॉकी हे त्यातले नेहमीचे भिडू. बोलणारे लोक उंच इमारती, बेसबॉल, संग्रहालयं आणि बिअर यांच्यावर येतात. ते सगळं वरचं. मडकं घेताना आपण नक्षी बघतो खरी, पण पैसे देण्याआधी उलटं करून बुडाला टिचकी मारतो. या शहरांचंही बूड वाजवून पाहावं. म्हणजे माल कुठे उतरतो, हद्द कुठे संपते, पिण्याच्या पाण्याच्या नळाचं तोंड कुठे आहे आणि मैला कुठे जातो.

क्लीव्हलँडची टिचकी कायाहोगा नदीवर मारायची. पोलादाला खनिज, कोळसा आणि चुनखडी लागते. खनिज उत्तरेकडून पाण्यानं येणार, कोळसा ॲपलेशियन डोंगरांतून रेल्वेनं येणार, चुनखडी मिशिगनहून. 1855 मध्ये सू इथला कालवा आणि त्यातली लॉक (जहाज पाण्यासकट वर-खाली करणारे हौद) उघडली, सुपीरियरमधून जहाजं खाली उतरू लागली आणि जिथे खनिज नि कोळसा यांची गाठ पडते तो किनारा एकदम मोलाचा झाला. पिट्सबर्गचं पोलाद अधिक नावाजलेलं, पण पिट्सबर्गला खनिज आधी ईरीच्या बंदरात उतरवून पुन्हा रेल्वेत भरावं लागे. क्लीव्हलँडच्या भट्ट्या नदीकाठीच. एक हमाली वाचली.

ही हमाली काय चीज होती ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला मजूर जहाजाच्या पोटात उतरून फावड्यानं खनिज भरत, ते वर ओढलं जाई आणि पुढे हातगाडीनं ढकललं जाई. एक जहाज रिकामं व्हायला काही दिवस जात. 1899 मध्ये ओहायोतल्याच कॉनिऑट बंदरात जॉर्ज ह्युलेटचं यंत्र उभं राहिलं. रुळांवर चालणारा अवाढव्य सांगाडा, त्यावर विहिरीवरच्या ओकतीसारखा वरखाली होणारा दांडा, दांड्याच्या टोकाला सरळ खाली उतरणारा पाय आणि पायाला जबडा, पुढच्या यंत्रांत 17 टनांचा. चालक बसायचा कुठे? त्या पायाच्या आतच, जबड्याच्या डोक्यावर. प्रत्येक खेपेला तो स्वतः जहाजाच्या पोटात उतरे, पाय फिरवून कोपऱ्यातलं खनिज ओरबाडे आणि भरल्या जबड्यासकट वर येई. दिवसभर हाच पाळणा. दिवसांचं काम तासांवर आलं.

ह्युलेटला मारलं ते दुसऱ्या कुठल्या क्रेननं नाही. खनिजाचा आकार बदलला म्हणून ते मेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मिनेसोटाचं कसदार खनिज बरंच उपसून झालं होतं. उरला टॅकोनाइट नावाचा टणक दगड, लोह जेमतेम 25 ते 30 टक्के. तो पिठासारखा दळायचा, चुंबकानं लोह वेगळं काढायचं, त्यात चिकटपणाला थोडी बेंटोनाइट माती घालायची, फिरत्या पिंपात गोट्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या. या गोट्यांत 65 टक्क्यांच्या आसपास लोह. जुनं खनिज ओलं, चिखलट आणि थंडीत गोठून दगड होणारं, म्हणून त्याला जबडा लागे. गोट्या मात्र धान्यासारख्या घरंगळतात. जहाजाच्या तळालाच पट्टा बसवला आणि तळाची दारं उघडली की गोट्या पट्ट्यावर पडतात आणि लांब बुमवरून किनाऱ्यावर ढीग होतो. बंदरात यंत्रही नको, माणसंही नकोत. क्लीव्हलँडच्या व्हिस्की आयलंडवरचे 1912 चे चार ह्युलेट 1992 मध्ये थांबले.

नदीचं वळण मात्र कोणाला सरळ करता आलं नाही. 1,000 फुटी जहाजं कायाहोगाच्या मुखाशीच थांबतात. तिथे उतरवलेल्या गोट्या 630 फुटांच्या आसपासची धाकटी जहाजं आत पोलाद कारखान्यापर्यंत नेतात. एका वळणाचं नावच ‘कोलिजन बेंड’ आहे. पुढच्या आणि मागच्या टोकाला आडवे ढकलणारे पंखे लावून जहाज इंचाइंचानं वळवतात, उचलपूल एकामागून एक वर जातात आणि काठावरच्या हॉटेलात जेवणाऱ्यांच्या ताटासमोरून लोखंडाची भिंत सरकत जाते. ही जहाजं गोड्या पाण्यात गंजतात कमी, त्यामुळे पन्नास-साठ वर्षं सहज चालतात. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या कोकणी माणसाला याचा हेवा वाटावा.

याच नदीला 22 जून 1969 ला आग लागली. जगभर क्लीव्हलँडची छी-थू झाली, आणि माझ्या मते ती चुकीच्या कारणासाठी झाली. नदीवर तेलाचा तवंग आणि ओंडके साचून रेल्वेच्या लाकडी पुलाखाली पेट घेतला, अर्ध्या तासात आग विझलीही. त्या आगीचा फोटोदेखील नाही. मासिकात छापून आला तो 1952 च्या कितीतरी मोठ्या आगीचा. एकोणिसाव्या शतकापासून ती नदी निदान डझनभर वेळा पेटली होती आणि धूर म्हणजे पगार असं समजून कोणी मनावर घेतलं नव्हतं. उलट 1968 मध्येच मतदारांनी नदी साफ करायला 10 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. महापौर कार्ल स्टोक्स दुसऱ्या दिवशी वार्ताहरांना घेऊन नदीकाठी हिंडले आणि कोणता कारखाना नि कोणतं उपनगर काय सोडतं ते दाखवत गेले. पेटणाऱ्या नद्या तेव्हा इतरही शहरांत होत्या. क्लीव्हलँडचा गुण एवढाच की त्यांनी आपली घाण स्वतः बोटानं दाखवली.

डेट्रॉईटकडे वळलं की पहिला घोळ हद्दीचा. फोर्डनं 1913 मध्ये चालती जुळणी साखळी सुरू केली, साडेबारा तासांत होणारी चासीची जुळणी दीड तासावर आणली आणि जानेवारी 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले, हे सगळं झालं हायलँड पार्कमध्ये. हायलँड पार्क डेट्रॉईटनं जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेलं आहे, पण नगर वेगळं. तिजोरी वेगळी. पुढचा रूज कारखाना, जिथे एका बाजूनं खनिज नि कोळसा आत जाई आणि दुसऱ्या बाजूनं मोटार बाहेर येई, जिथे ऐन भरात एक लाखावर माणसं कामाला होती, तो डिअरबॉर्नमध्ये. तेही वेगळं नगर. म्हणजे ज्या दोन कारखान्यांमुळे डेट्रॉईट जगाला ठाऊक झालं ते दोन्ही डेट्रॉईटच्या हद्दीबाहेर! कामगारांची घरं, शाळा, रस्ते, बर्फ उपसणं हे शहराच्या माथी, आणि मोठा कर शेजाऱ्याच्या पेटीत. पुण्यातल्या माणसाला पिंपरी-चिंचवडच्या जकातीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

शिवाय एका खांबावरचा मांडव. शहरात दुसरे धंदे नव्हते असं नाही, पण प्रत्येक धंद्याचं गिऱ्हाईक शेवटी मोटारच. काच मोटारीसाठी, रंग मोटारीसाठी. 1950 मध्ये साडेअठरा लाख वस्ती, 2020 मध्ये 6,39,111. पसारा मात्र तोच 139 चौरस मैलांचा, आणि त्याखालच्या पाइपाही त्याच. गल्लीत चाळीसची सहा घरं उरली तरी नळ चाळीस घरांचाच सांभाळावा लागतो. डेट्रॉईटचं 2013 चं दिवाळं पेन्शन आणि कर्ज यांच्या भाषेत सांगतात, पण मला त्याची मुळं जमिनीखालच्या या मैलोन् मैल नळांत जास्त दिसतात. घेणेकऱ्यांची नजर शहराच्या कलासंग्रहालयावर गेली होती. दिएगो रिव्हेरानं 1932-33 मध्ये तिथल्या भिंतींवर 27 चित्रं काढली आहेत, त्यातली मुख्य रूज कारखान्याचीच. देणग्या गोळा करून संग्रह वाचवला, ते बरं झालं.

आता मिलवॉकी. हे शहर जन्मतःच भांडलेलं. नदीच्या एका काठाला ज्युनोची वस्ती, दुसऱ्या काठाला किलबर्नची. किलबर्ननं आपले रस्ते मुद्दाम असे आखले की समोरच्या काठाच्या रस्त्यांशी जुळूच नयेत. 1845 मध्ये पूल पाडापाडीपर्यंत मजल गेली, एका बाजूनं तोफही आणून ठेवली. भांडण मिटलं, शहर एक झालं, पण रस्ते कोण उचलून सरकवणार? मिलवॉकीचे मध्यभागातले पूल आजही तिरके आहेत.

या शहरानं वस्तूंपेक्षा वस्तू करणारी यंत्रं जास्त केली. पनामा कालवा खणायला 102 वाफेचे फावडे गेले, त्यातले 77 ब्युसायरसचे, साउथ मिलवॉकीत घडलेले. ॲलिस-चामर्सची टर्बाइनं, फॉकचे गिअर, हार्निशफेगरच्या क्रेन. डेट्रॉईटच्या मोटारींखालचे सांगाडेदेखील ए. ओ. स्मिथच्या 1921 च्या स्वयंचलित कारखान्यातून दिवसाला दहा हजारांच्या घरात निघत. यंत्र करणाऱ्या गावात कारागिरी वेगळ्या जातीची लागते. पॅटर्न करणारा सुतार घ्या. लाकडाचा साचा हव्या त्या मापाचा करून चालत नाही. ओतलेलं बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, पोलाद सुमारे दोन टक्के. म्हणून त्याच्या हातातली पट्टीच मुळात तेवढी लांबवलेली असते, बिडाची वेगळी आणि पोलादाची वेगळी. पट्टी चुकीची उचलली तर आठ फुटी गिअर इंचभर खोटा, आणि ते कळणार ओतून, थंड करून, लेथवर चढवल्यावर. वर साचा वाळूतून न मोडता निघावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायची गरज नाही.

यंत्रांच्या गावाचा फायदा असा की गिऱ्हाईक पांगलेलं असतं. खाणवाला, गिरणीवाला, वीजवाला. एक बसला तरी दुसरा उभा. तोटाही त्यातच. मंदी आली की जुन्या फावड्यावर आणखी पाच वर्षं काढता येतात, आणि त्या पाच वर्षांत फावडे करणारा कारखाना उपाशी मरतो. 1980 च्या दशकात नेमकं तेच झालं. 1987 मध्ये ॲलिस-चामर्सनं दिवाळखोरी पत्करली.

पण मिलवॉकीचं बूड वाजवायचं तर जोन्स आयलंडवर. या शहरानं 1910 पासून 1960 पर्यंत तीन समाजवादी महापौर निवडून दिले: सायडेल, होन, झायडलर. त्यातले डॅनियल होन तर सलग 24 वर्षं. क्रांतीच्या गप्पा मारणारे समाजवादी यांना ‘गटारवाले’ म्हणून हिणवत, कारण हे लोक कायम गटारं, नळ आणि बागा यांवरच बोलत. त्यांनी ते नाव मिरवलं. 1920 च्या दशकात जोन्स आयलंडवर मैलापाण्याचं केंद्र झालं. सांडपाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवायचे, ते घाण खातात, पोट भरलं की गाळ होऊन तळाशी बसतात. बहुतेक शहरं हा गाळ पुरत किंवा बुडवत. मिलवॉकीनं तो फिरत्या पिंपात कडक तापवून वाळवला, दाणे केले आणि 1926 पासून ‘मिलॉर्गनाइट’ नावानं पोत्यात भरून विकायला काढला. गोल्फची मैदानं हे मोठं गिऱ्हाईक. नत्र सावकाश सुटतं, त्यामुळे गवत जळत नाही. अडचण दोन ठिकाणी. वाळवायला इंधन फार लागतं, विक्रीतून सगळा खर्च निघत नाही. आणि गटारात जे सोडाल ते गाळात उतरतं. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं कॅडमियम खतात येऊ लागलं, तेव्हा कारखान्यांना आपलं पाणी दारातच साफ करून सोडायला लावावं लागलं. गावाचा मैला विकायला ठेवला की गावानं काय गिळलंय ते पोत्यावर लिहावं लागतं.

एवढं शहाणं गाव, आणि 1993 मध्ये त्यालाच पाण्यानं गाठलं. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या शुद्धीकरण केंद्रातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळात उतरला. त्याच्या कवचाला क्लोरीनचं काही वाटत नाही. तो अडवायचा तर गाळणीतच. केंद्रानं गढूळपणा खाली बसवायचं रसायन बदललं होतं, नव्याचा डोस बसेना, वसंतातलं पाणी एकदम खराब आलं आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा चढत गेला. आकडे दिसत होते, पण ते रोगाशी कोणी लगेच जोडले नाहीत. औषधाच्या दुकानांतून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या संपल्या, ती पहिली खूण. 7 एप्रिलला पाणी उकळून प्या असा आदेश निघाला. या साथीत अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. त्यानंतर ओझोन आला आणि नळाचं तोंड सरोवरात आणखी आत नेलं गेलं.

पाण्याच्या नळानं आणखी एक निकाल लावला आहे, आणि या वादात तो फारसा कोणी काढत नाही. 1950 मध्ये क्लीव्हलँडची वस्ती 9,14,808 आणि त्याच राज्यातल्या कोलंबसची 3,75,901. 2020 मध्ये क्लीव्हलँड 3,72,624 आणि कोलंबस 9,05,748. दोघांनी आकड्यांची अदलाबदल केल्यासारखं. उद्योग कोसळणं हे कारण आहेच, पण दुसरं आहे हद्दवाढ. क्लीव्हलँडनं आपल्या सरोवराचं पाणी उपनगरांना विकलं आणि बदल्यात फक्त बिल घेतलं. उपनगरं स्वतंत्र राहून फोफावली, शहर 78 चौरस मैलांत कोंडलं गेलं. कोलंबसचे महापौर सेन्सेनब्रेनर यांनी 1954 पासून उलट धोरण धरलं: पाणी आणि गटार हवं असेल तर आमच्या हद्दीत या. कोलंबस आज 220 चौरस मैलांच्या आसपास पसरलंय. शहराबाहेर पळालेली माणसं तिथेही आहेत, फक्त पळून गेली ती शहराच्याच हद्दीत. मिलवॉकीही 1950 च्या दशकात अशीच वाढत होती. 1955 मध्ये राज्याच्या कायद्यानं भोवतालच्या गावांना स्वतंत्र नगर व्हायची वाट मोकळी झाली आणि वाढ थांबली.

म्हणून नुसत्या लोकसंख्येच्या घसरणीवरून शहरांचे नंबर लावू नयेत. लावायचेच तर माझा कौल मिलवॉकीला, पण तो अर्ध्या मनानं. ज्या शहरानं मैल्याची इतकी काळजी वाहिली त्यानं काळ्या वस्तीला शहरामधल्या दरीपलीकडे कोंडून ठेवलं. 1967 मध्ये घरं सर्वांना खुली करा म्हणून सोळाव्या रस्त्याच्या लांबलचक पुलावरून मोर्चे निघाले, ते सलग 200 रात्री चालले. पूल तिरके आहेत ही तिथली गंमत, आणि हा एक सरळ पूल सर्वांत अवघड गेला.

डेट्रॉईटच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं पाणी. ह्युरॉन सरोवरातून येणारं, शेजारच्या कितीतरी गावांना पुरणारं. 2014 च्या एप्रिलमध्ये फ्लिंट शहरानं पैसे वाचवायला हे पाणी सोडून आपल्या नदीचं घेतलं. नळाच्या आत फॉस्फेटचा पातळ थर धरून शिसं पाण्यात उतरू न देणारं रसायन टाकायचं राहिलं. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, ते नळ खाऊ लागलं. लोक तांबूस, वासाचं पाणी बाटलीत भरून सभांना नेत होते, त्यांना पाणी ठीक असल्याचं सांगितलं जात होतं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. लोखंडाची तक्रार लगेच ऐकली गेली. माणसांना डेट्रॉईटचं पाणी परत मिळायला आणखी वर्ष लागलं.

त्या क्लोराइडचा काही भाग रस्त्यावरच्या मिठाचा. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टनांनी मीठ पसरतात आणि ते येतं याच शहरांच्या बुडाखालून. डेट्रॉईटच्या रस्त्यांखाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाण आहे, क्लीव्हलँडची 1,800 फुटांवर, थेट ईरी सरोवराच्या तळाखाली. पहाटे मिठाचे ट्रक फिरतात, आणि वसंतापर्यंत त्याच डेट्रॉईटनं केलेल्या मोटारींची दारं खालच्या कडेनं जाळी पडून गळू लागतात. खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे इथे चालत नाही, इथे मीठच खातं. खाणीत यंत्र न्यायचं तर ते सुटं करून, तुकड्या-तुकड्यानं विहिरीतून खाली सोडतात आणि खाली जोडतात. निकामी झालं की पुन्हा सुटं करून वर आणण्याचा खटाटोप कोणी करत नाही. मीठ काढून रिकाम्या झालेल्या एखाद्या दालनात ते ढकलून ठेवतात, आणि खाणकाम पुढच्या दालनाकडे सरकतं.